झिरोच्या बल्बाला करंट लागत नाही

शेगाव स्टेशनापासून संग्रामपूरच्या सभेच्या मांडवापर्यंत गाडीनं तासभर लागतो. पूर्णेच्या पुलाकडं खड्डे वाढले असतील तर थोडा जास्तच. त्या तासाभरात सभेला येणाऱ्या साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या पुढाऱ्यांचा, एक कान एकट्या हिंमतरावांच्या ताब्यात राहणार होता, आणि हिंमतरावांनी त्या कानाची मोजणी बांधावरच्या झाडांसारखी आधीच करून ठेवली होती. वरवट बकालपर्यंत तब्येतीची चौकशी आणि जुन्या आठवणी. तिथून पुढं संत्र्याचे पडलेले भाव. आणि संग्रामपूरची घरं दिसायला लागली की हळूच, जणू आत्ताच मनात आलं असं दाखवत, "बरं साहेब, आपल्या संघाचं काय म्हंता?"

संघ म्हणजे तालुक्यातला संत्रा बागायतदारांचा संघ. त्याची निवडणूक कागदावर होत असे आणि निकाल साहेबांच्या हातावर. तो हात ज्याच्या खांद्यावर पडेल तो अध्यक्ष. अध्यक्षाला पगार नव्हता, पण मिळकत मोठी होती. व्यापाऱ्यानं आधी रामराम घालायचा. शाळेत झेंड्याची दोरी आपण ओढायची. लग्नात नवरदेवाच्या बापाआधी आपल्या डोक्याला फेटा. आणि सगळ्यात वरची मिळकत म्हणजे भगवंतरावांचं उतरलेलं तोंड. भगवंतराव पलीकडच्या गावचे बागायतदार. नजर त्याच खुर्चीवर. हिंमतरावांना खुर्ची मिळण्याचा आनंद जेवढा होणार होता, त्याच्या दुप्पट ती भगवंतरावांना न मिळण्याचा.

खुर्ची हिंमतरावांना नवी नव्हती. मागं तीन वर्षं ते तिच्यावर बसून आले होते. त्या काळात संघाच्या दारावरची पाटी दोनदा रंगवून झाली, आणि संत्री लहान-मोठी निवडायचं जे मशीन आलं होतं ते ताडपत्रीखाली राहिलं. मशीनचं उद्घाटन कोणाच्या हातून करायचं हे ठरेना, म्हणून. आता त्या ताडपत्रीखाली कुत्री वितात.

साहेब रेल्वेनं येणार आणि त्यांना घ्यायला गाडी लागणार, हे कळताक्षणी हिंमतरावांनी फोन करून आपली गाडी लावून दिली. पांढरी, उंच, अकोल्याहून जुनीच घेतलेली, पण धुतली की नवी दिसणारी. सगळं जमून आलं होतं. अडचण एकच होती. गाडी सकाळी चालू होत नव्हती.

चावी फिरवली की बोनेटखालून 'कट्' असा आवाज यायचा, सुपारी फोडल्यासारखा, आणि पुढं काही नाही. मग ड्रायव्हर दयारामनं गल्लीतली चार माणसं बोलवायची आणि गाडीला धक्का मारायचा. दयाराम बारा वर्षांपासून हिंमतरावांकडे होता, आधी ट्रॅक्टरवर, मग गाडीवर. समोरच्याच गल्लीत घर. बोलणं कमी, मान खाली. असा माणूस मालकाला फार सोयीचा असतो. चांगलं झालं तर दिसत नाही आणि वाईट झालं तर समोरच असतो.

"घेऊन चाल जळगावले," हिंमतराव म्हणाले. "नागसेनकडं."

जळगाव जामोदला निघताना हिंमतरावांनी एक काम स्वतःच्या हातानं केलं. पुढच्या काचेला आतून टेकवलेली पाटी त्यांनी काढली, तिच्या वायरची पिन उपसली, पाटी टॉवेलात गुंडाळली आणि घरात कपाटावर ठेवली.

ही पाटी म्हणजे हिंमतरावांचा खरा दागिना. हातभर लांब, लाल. आत दिवे. 'अध्यक्ष' ही अक्षरं एवढी ठळक की चावडीवरून वाचता यावीत, आणि त्याच्या आधीचा 'माजी' मोहरीच्या दाण्याएवढा. भोवती हिरव्या-पिवळ्या दिव्यांची माळ, सतत पळणारी. खामगावच्या ज्या माणसानं ती बसवली, तो म्हणाला होता, "चावीवर जोडून देतो भाऊ, गाडी बंद केली की पाटी बंद." हिंमतराव त्याच्यावर डाफरले होते. "मंग काय कामाची? म्या उतरलो की लोकायले समजाचं कसं, गाडी कोणाची हाये ते?" मग त्यानं तार सरळ बॅटरीवर नेऊन बांधली. तेव्हापासून गाडी दारात उभी असली तरी पाटी रात्रंदिवस जळायची. समोरच्या घरातली म्हातारी म्हणायची, देवाजवळ दिवा लावायची गरजच राहिली नाही, भिंतीवर हिरवा-पिवळा उजेड नाचत असतो.

जळगावच्या रस्त्यावर मात्र एकदा पोलिसानं अडवून पाटी काढायला लावली होती, तीही चार लोकांत. म्हणून तिकडं जाताना पाटी घरी. शिवाय नागसेनच्या दुकानातल्या बाकावर तालुक्याची सगळी रिकामी जीभ येऊन बसायची, त्यात भगवंतरावांची माणसंही. त्यांना 'माजी'चा दाणा दाखवण्याची हिंमतरावांना हौस नव्हती.

नागसेनचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पण वर नाव मोठं आणि तोंड त्याहून मोठं. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा आणि त्या कामांचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायचा. "या भाऊ, या! अध्यक्ष आले रे, खुर्ची पुसा!" असं म्हणून त्यानं खुर्ची पुसली नाहीच.

बोनेट उघडलं आणि नागसेननं कपाळाला हात लावला. "भाऊ, हे बॅटरी हाये का मांडवाचं मीटर? कोणाकोणाच्या तारा बांधल्या इथं?"

"गाडी म्हटली की हौस असते," हिंमतराव म्हणाले. "तू डायनामो पाय. इंजिन चालू ठेव अन् बॅटरीची तार काढ. गाडी बंद पडली तं डायनामो गेला. मी आपल्या ट्रॅक्टरवर असंच पाह्यतो, वीस वर्षं झाले."

"हात लावू नका बरं!" नागसेन खरंच ओरडला. "ट्रॅक्टरले डोकं नसते भाऊ, ह्या गाडीले हाये, कॉम्पुटरचं. चालत्या इंजिनात तार काढली तं डोकं जळन. मंग ही गाडी तुमच्यासारखी होईन."

"म्हंजे?"

"म्हंजे जागच्या जागी उभी, अन् हॉर्न तेवढा जोरात."

बाकावरची माणसं पोट धरून हसली. हिंमतरावही हसले, कारण न हसणं महाग पडलं असतं.

नागसेननं मीटर लावलं. इंजिन बंद असताना बॅटरी बरीच खाली. इंजिन चालू केल्यावर आकडा चढला आणि चौदाच्या वर जाऊन थांबला. त्यानं दिवे लावले, पंखा लावला, आकडा थोडा हलला पण टिकला. त्यानं पट्टा दाबून पाहिला, गरम पाणी ओतून बॅटरीच्या टोकांवरचं पांढरं बुरशीसारखं धुतलं, अर्थिंगची तार घासली. "डायनामो तुमचा पहलवान हाये. भरून राह्यला बरोबर. मंग रातीतून कोण पिऊन राह्यलं?" त्यानं गाडी बंद करून पुन्हा मीटर लावलं, बंद गाडीत करंट कुठं जातो का ते पाहायला. काहीच जात नव्हतं. एका जाड तारेला त्यानं बोटानं उचललं. "हे कशाची?"

हिंमतरावांनी बाकाकडं पाहिलं. बाक ऐकत होता.

"हॉर्नची," ते म्हणाले.

दयारामनं मान वर केली, मालकाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

साध्या माणसाचं खोटं पकडलं जातं, कारण त्याचं खोटं कामाचं असतं. हिंमतरावांचं खोटं फुकटचं होतं. वैद्यापुढं पोट दाखवायचं आणि रात्री काय खाल्लं ते सांगायचं नाही, अशातला प्रकार.

गाडी घरी आली. पाटी काचेला लागली. दुसऱ्या सकाळी पुन्हा 'कट्'.

पुढच्या वेळी हिंमतराव तोंड फुगवूनच दुकानात गेले. पाटी अर्थात कपाटावर. "तुह्यानं होत नसन तं सांग, अकोल्याले नेतो. बॅटरीच खराब हाये, बदल." नागसेननं मीटर पाहिलं, बॅटरी पाहिली, हिंमतरावांचा चेहरा पाहिला. जुनी बॅटरी अजून वर्षभर चालली असती हे त्याला दिसत होतं. पण नागसेन काही साधू नव्हता. द्यायला निघालेल्या गिऱ्हाईकाचा हात धरणं हे पाप आहे अशी त्याची श्रद्धा होती. "भाऊ म्हंतात तं बदलू," तो म्हणाला, आणि जुनी बॅटरी त्यानं मागच्या फळीवर नीट जपून ठेवली.

नव्या बॅटरीचे पैसे आले पुष्पाबाईंच्या डब्यातून. पुष्पाबाई हिंमतरावांच्या बायको. दोन शेळ्या विकून त्यांनी घरच्या घरी दळायची छोटी गिरणी घ्यायचं ठरवलं होतं. गल्लीतल्या बायकांचं दळण आपल्याकडं आलं असतं. "खुर्चीवर बसलो की दोन गिरण्या घेऊन देतो," हिंमतराव म्हणाले.

"माह्या गिरणीवर तुमची गाडी दळा," पुष्पाबाई म्हणाल्या. "पण एक सांगा. ते पाटी रातभर जळते. चुलीतलं लाकूड जळलं तं राख होते. मंग हे जळून राह्यलं ते काहीतरी खातच असन ना?"

"एलईडी हाये तो! एलईडीले करंट लागतच नाही. आपल्या माजघरात झिरोचा बल्ब जळते का नाही रातभर? फिरते का मीटर त्यानं?"

हे गावातलं जुनं शास्त्र. झिरोच्या बल्बाला करंट लागत नाही; नावातच झिरो आहे. घरोघरी वर्षानुवर्षं तो जळत आला आणि बिल आलं की लोक वायरमनला शिव्या देत आले. हिंमतरावांनी तेच शास्त्र वाढवून गाडीत बसवलं होतं.

"मीटर फिरते का नाही ते म्या कधी बसून पाह्यलं नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमीबी नाही."

तिसऱ्या दिवशी नवी बॅटरीही उतरली. साहेब यायला आठवडाही उरला नव्हता. ते तणतणत जळगावला गेले. नागसेन या वेळी हसला नाही. "गाडी एक रात ठेवून जा. सकाळी पाहू."

सकाळी नागसेननं चावीला नुसतं बोट लावलं आणि गाडी गुरगुरली. पुन्हा बंद केली, पुन्हा गुरगुरली. "भाऊ," तो बाकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडीत रोग नाही. रोग तुमच्या गावात हाये. इथं रातभर उपाशी नाही राह्यली अन् तुमच्या दारात उपाशी मरते. तिथं कोणी तरी तिचं ताट वढून राह्यलं."

नागसेनचा अर्थ एवढाच होता की घरी उभी असताना गाडीवर काहीतरी चालू राहतं, ते शोधा. हिंमतरावांनी त्यातला 'काहीतरी' टाकून दिला आणि 'कोणीतरी' उचलला. ज्याला आपल्या गाडीतला दोष दिसत नाही त्याला माणसातला चटकन दिसतो. आणि गाडीच्या सगळ्यात जवळचा माणूस कोण? चावी कोणाकडं? गाडी पुसताना रेडिओ कोण लावतो? मोबाइल गाडीत लावून कोण ठेवतो? परत येईपर्यंत वरवट बकालच्या अलीकडंच खटला चालून निकाल लागला होता. आरोपी गाडी चालवत होता.

दारात उतरताच हिंमतराव म्हणाले, "दयाराम, चावी दे."

दयारामनं चावी दिली.

"रातच्याले माह्या गाडीत काय करतं तू?"

"मी? मी तं घरी झोपतो मालक."

"मंग बॅटरी कोण खाते? माहा बाप उठून येते का खायले? रातभर गाणे आयकतं, पोराचे मोबाइल चार्ज करतं. का दुसऱ्याच्या ट्रॅक्टरले बॅटरी लावून देतं, पैसे घेऊन?"

हा शेवटचा आळ हिंमतरावांना बोलता बोलताच सुचला होता, पण एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांना तो फार पटला. गल्लीतली दारं उघडी होती. ऐकणारे कान पुरेसे होते.

"मालक, लेकराची शपथ," दयाराम म्हणाला. त्याची नजर एकदा रिकाम्या काचेकडं गेली, जिथं पाटी असायची. त्याला काही म्हणायचं असेल तर ते तिथंच राहिलं. बारा वर्षांत त्यानं मालकाला उत्तर दिलं नव्हतं; त्या दिवशी सवय उपयोगी पडली नाही.

"उद्यापासून येऊ नको."

दयाराम गेला. हिंमतरावांनी कपाटावरून पाटी आणली, टॉवेलानं पुसली, काचेला टेकवली, पिन लावली. माळ पळायला लागली. पुष्पाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "बारा वर्षांचा माणूस काढला," त्या म्हणाल्या, "अन् हे ठेवलं."

दोन दिवसांनी, दयारामविना, चावीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नसताना, गाडी 'कट्' म्हणाली.

चोर गेला होता आणि चोरी चालूच होती. दुसरा कोणी असता तर त्यानं दयारामला निरोप धाडला असता. हिंमतरावांना मात्र यात भगवंतरावांची करणी दिसली. त्यांनी बोनेटला लिंबू-मिरच्या बांधल्या.

त्याच दुपारी नागसेन गावात आला, एका ट्रॅक्टरच्या सेल्फच्या कामाला. हिंमतरावांच्या दारावरून जाताना थबकला. भर उन्हातही काचेमागं हिरवी-पिवळी माळ पळत होती आणि आत 'अध्यक्ष' लाल होऊन बसला होता. नागसेननं मोटारसायकल उभी केली, पाटीजवळ तोंड नेलं आणि 'माजी' शोधून काढला. मग डिक्कीतून तारेला कवळी घालायचं मीटर काढलं. हिंमतराव धावत बाहेर येईपर्यंत त्यानं बोनेट उघडून ती 'हॉर्नची' तार पकडली होती.

"तीन अँपियरच्या वर," नागसेन म्हणाला. "भाऊ, तुमचा हॉर्न फारच खाते. वाजत नाही अन् दिवसरात खाते." त्यानं पिन उपसली, आकडा शून्य झाला, पिन लावली, आकडा परत चढला. असं त्यानं तीनदा केलं, एकदा हिंमतरावांसाठी आणि दोनदा स्वतःच्या मजेसाठी. "मी तिकडं बॅटरी धुऊन राह्यलो, पट्टे दाबून राह्यलो, अन् रोग तुमच्या घरी झोपून राहे!"

"एलईडीले करंट..."

"एकाले थोडा लागते. तुमी इथं दिवाळी बांधली. डायनामो भरते तेवढं हा अध्यक्ष पिऊन टाकते." नागसेननं बॅटरीवर टिचकी मारली. "अन् हे नवी होती, हेबी आता गेली. इतक्या वेळा तळापर्यंत रिकामी झाली की बॅटरी म्हातारी होते. धरून ठेवत नाही. साहेबाले आणाचं हाये ना? मंग दोन दिवस पाटी उतरवा, गाडी भरपूर चालवा. अन् लावाचीच असन तं इंजिन बंद केल्याबरोबर पिन काढा."

"कोणाले सांगू नको," हिंमतराव हळूच म्हणाले.

"सांगाचं काय त्यात? उजेड तं गावभर पडून राह्यला." जाता जाता नागसेन वळला. "अन् मी आयकलं, दयारामले काढलं म्हणे तुमी. त्याले बोलवा बरं. खोटा आळ लागला ना त्याले."

"पाहू," हिंमतराव म्हणाले. 'पाहू' हा त्यांचा संघातला जुना शब्द. तीन वर्षं त्या मशीनबद्दल ते हेच म्हणत होते. दयारामला बोलवायचं म्हणजे आपली चूक झाली असं गल्लीत म्हणायचं. आणि चूक झालेला माणूस अध्यक्ष कसा होणार? साहेब येऊन जाऊ दे, मग पाहू.

पाटी उतरली, ते खरं. एक दिवस उतरली, दुसऱ्या दिवशीही उतरली. त्या दोन दिवसांत लोक दारावरून न थांबता जायचे, एकानं तर गाडीकडं बघून विचारलं, "विकली का हो भाऊ?" साहेब यायच्या आदल्या दिवशी बातमी आली की भगवंतरावही स्टेशनवर जाणार आहेत, हार घेऊन. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली, चहा झाला, उद्याचा बेत निघाला, आणि दारात गाडी अंधारात, मुकी, कोणाचीही असल्यासारखी. हिंमतराव उठले.

"एका घंट्यानं काय होते?" ते पुष्पाबाईंना म्हणाले.

"तुमचं तुमाले माईत," पुष्पाबाई म्हणाल्या.

त्या एका घंट्याची पिन कोणी काढली नाही. माणसं उशिरापर्यंत बसली, मग हिंमतराव झोपायला गेले. मनात साहेबांचा कान, वरवट बकाल, संत्र्याचे भाव.

सकाळी 'कट्'ही झालं नाही. नुसतं चावी फिरल्याचं समाधान.

हिंमतराव कोरा पांढरा सदरा घालून गल्लीत हाका मारत सुटले. माणसं आली. मागून बोनेटकडं न बघता दयारामही आला. समोर घर असल्यावर जाणार कुठं? त्यानं बाही वर सरकवली, मागच्या काचेच्या खाली हात टेकवले, आणि "दुसऱ्या गियरमध्ये टाका मालक, मी सांगतो तव्हा क्लच सोडा," एवढंच म्हणाला. गाडी गल्लीच्या उतारावर गडगडत गेली, हिसका देऊन चालू झाली. हिंमतरावांनी आरशात पाहिलं. दयाराम गुडघ्यांवर हात टेकवून दम घेत होता. हिंमतरावांनी हॉर्न वाजवला. आभार म्हणून असावा. दयारामनं तो तसा घेतला की नाही, कळायला मार्ग नाही.

शेगावपर्यंत गाडी नीट चालली. बॅटरी तासभर पीत राहिली, जमेल तेवढं. स्टेशनाबाहेर हिंमतरावांनी मोक्याची जागा धरली, पाटी लावली. साहेबांच्या गाडीला कोण अडवतो? इंजिन बंद करायचंच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण एका पोलिसानं येऊन काचेवर टकटक केली. "अहो, धूर कायले करून राह्यले? इंजिन बंद करा, नाहीतं गाडी तिकडं मागं न्या." मागं नेली तर साहेबांना पाटी दिसणार नाही. हिंमतरावांनी इंजिन बंद केलं. पिन काढायला हात पुढं केला, तेवढ्यात स्टेशनात घोषणा झाली. रेल्वे येतेच आहे, असं त्यांना वाटलं. हात मागं घेतला.

घोषणा उशिराची होती. पुढचीही उशिराची. दर वेळी हिंमतरावांचा हात पिनेपर्यंत जाई आणि आता येतीलच म्हणून परत येई. पलीकडं भगवंतरावांची जुनी जीप उभी होती, तिच्या टपावर गंज आणि मागच्या सीटवर हारांची टोपली. भगवंतराव चहा पीत होते आणि मधूनमधून पाटीकडं बघून मिशी पुसत होते.

साहेब आले. माणसं धावली, हार पडले. हिंमतरावांनी गर्दीतून वाट काढून दार उघडलं. साहेब बसले. पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं, आतून उलटी दिसणारी, पण पळणारी. हिंमतराव स्टिअरिंगवर बसले, देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली.

'कट्.'

पुन्हा फिरवली. 'कट्, कट्.' पाटी थोडी मंदावली आणि परत लाल झाली. दिव्यांना थोडं पुरतं. इंजिन ओढायला भरपूर लागतं. हे नागसेननं सांगितलं नव्हतं, आता गाडीनं सांगितलं.

"धक्का लावतो साहेब, आत्ता होते," म्हणत हिंमतराव उतरले. पांढऱ्या सदऱ्यानिशी मागं गेले. हारवाल्यांपैकी कोणी पुढं येईना. साहेबांचे हार जपायचे, की माजी अध्यक्षाची गाडी ढकलायची? एकट्या हिंमतरावांनी रेटा दिला. गाडी वीतभर हलली आणि थांबली. समोर चढ होता.

साहेब शांतपणे उतरले. गाडीच्या पुढं जाऊन त्यांनी पाटी नीट वाचली, अगदी मोहरीच्या दाण्यापर्यंत.

"हिंमतराव," ते म्हणाले, "गाडी बंद हाये अन् पाटी चालू हाये."

लोक हसले. साहेब हसले नाहीत.

"संघाचं ते मशीन अजून ताडपत्रीखालीच हाये ना?"

"पाहून राह्यलो साहेब..." हिंमतराव म्हणाले.

"भगवंतराव, तुमची जीप चालू होते का?"

"वाजते लय, पण होते साहेब," भगवंतराव म्हणाले, आणि हारांची टोपली स्वतःच्या मांडीवर घेऊन मागं बसले. शेगाव ते संग्रामपूर, तासभर. एका कानाऐवजी दोन्ही कान.

आता हिशोब. खुर्ची भगवंतरावांना मिळाली; त्यांनी तिच्यासाठी फक्त हारांचा खर्च केला, तोही संघाच्या खात्यावर टाकला. मशीन ताडपत्रीखालीच आहे, कारण उद्घाटन आता साहेबांच्याच हातून करायचं आणि साहेबांना वेळ नाही. नागसेननं ती जुनी बॅटरी, फळीवर जपलेली, एका ट्रॅक्टरवाल्याला बसवून दिली; ती अजून चालते. पुष्पाबाईंची गिरणी बॅटरीत गेली, आणि दळण त्या अजून दुसऱ्याच्या दारात घेऊन जातात. हिंमतरावांची खुर्ची गेली खरी, पण ती त्यांच्या हातात होतीच कुठं. आणि पाटी त्यांनी घराच्या दारावर ठोकून घेतली, घरच्या मीटरवर. तिला करंट लागत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगतात. बिल आलं की वायरमनला शिव्या देतात.

दयारामला मात्र परत बोलावणं आलं नाही. बॅटरी पाटीनं खाल्ली हे सगळ्या तालुक्याला कळलं, तरी ज्याच्याकडं ड्रायव्हरचं काम मागायला जावं तो मालक त्याला म्हणतो, "तुह्यावर आळ खोटा होता, मले माईत हाये बाबा. पण लोक बोलतात ना." तो आता हंगामात संत्र्याचे कॅरेट उचलतो. कोणाचंही वाहन सकाळी चालू झालं नाही की गल्लीत कोणीतरी ओरडतं, "दयारामले इचारा बे, रातीतून बॅटरी पेला का?" सगळे हसतात. दयारामही हसतो, बाही वर सरकवतो आणि धक्का मारायला येतो. हिंमतरावांच्या गाडीलाही.

बारा वर्षांचा हिशोब चुकता झाला, दयारामचं आपल्याकडं काही राहिलं नाही, असं हिंमतराव म्हणतात.